गाडीखाली हात घालण्याआधी

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत. दहा-बारा वर्षं वापरलेली अल्टो, वॅगन आर किंवा ओम्नी जमवाजमव करून घ्यायची, तिच्यावर मुलांची शाळा, आईचा दवाखाना, बाजारचा माल असं सगळं भागवायचं, आणि एक दिवस सस्पेन्शनच्या कामाचा पाच आकडी अंदाज हातात पडायचा, असं कितीतरी घरांत होतं. अशा वेळी माणूस स्वतः पाना उचलतो. उचलावाच. गाडी खालून कशी आहे हे ज्याला कळतं, त्याला फसवणं अवघड जातं आणि आपली गाडी काय सांगते आहे हे त्याला लवकर ऐकू येतं.

हे आवाहन अशाच लोकांसाठी आहे. माझी एकच विनंती आहे. कुठल्याही भागावर तार, ट्यूबची पट्टी, वेल्डिंगचा टाका किंवा लेथवरचा नायलॉन चढवण्याआधी स्वतःला विचारा, चालत्या गाडीत हा भाग निकामी झाला तर काय होईल? गाडी खडखडेल, डुलेल, टायर थोडा लवकर झिजेल, एवढंच उत्तर असेल तर काही दिवसांची जुळवाजुळव चालेल. चाक आडवं होईल किंवा स्टेअरिंगचं ऐकणं बंद होईल, असं उत्तर असेल तर तिथे जुगाडाला जागा नाही, एका दिवसापुरतीही नाही. पुढचं सगळं या दोन गटांत कुठला भाग कुठे बसतो याबद्दल आहे.

आधी आवाज कुठून येतो ते शोधू. सस्पेन्शनमध्ये पैसे सर्वात जास्त वाया जातात ते चुकीचा भाग बदलण्यात. डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, टॉमी, सैल बसलेली स्टेपनी यांच्या खडखडाटावर लोकांनी शॉकअप बदललेले आहेत. सायलेन्सरचा रबर तुटून पाइप आपटत नाही ना, तेही पाहा. मग कुणाला तरी गाडी चालायच्या वेगाने खराब रस्त्यावर चालवायला सांगा आणि काच खाली करून शेजारी बसून ऐका. बारीक खड्ड्यांवर हळू जाताना टकटक येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडीचं कलणं अडवणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड किंवा तिचे बुश झिजलेले निघतात. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की पुढच्या स्प्रिंगमधून कुरकुर किंवा टणकन आवाज येतो, तो स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा किंवा त्यातल्या बेअरिंगचा. मोठ्या खड्ड्यात धाडकन आपटतं आणि मग गाडी दोन-तीन वेळा वरखाली होत राहते, तिथे शॉकअप संपलेला असतो. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, झुलत राहता कामा नये.

त्यानंतर चाक उचलून हलवून पाहा. घड्याळात नऊ आणि तीन वाजतात तिथे दोन हात ठेवून हलवलं आणि खेळ जाणवला, तर संशय टाय रॉड एंडवर आणि स्टेअरिंगच्या रॅकवर. बारा आणि सहावर खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. तेवढ्याने खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. ही तपासणी फुकट आहे, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर ती प्रत्येकाने करावी.

आता गाडी पेलतं कोण ते पाहू, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल मारतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यात हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. चाक जागेवर धरून ठेवतात ते आर्म आणि बॉल जॉइंट. या सगळ्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. रिकाम्या अल्टोचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास आहे. इंजिन पुढे असल्याने पुढच्या प्रत्येक चाकावर दोनशेहून जास्त किलो उभे असतात, आणि खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर त्या सांध्यांवर येतो. घरी जोडलेला तुकडा त्या जोराला तोंड देणार आहे, हे डोक्यात ठेवूनच पाना फिरवावा.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने 1940च्या दशकात ही रचना आखली. ती जगभर पसरली याचं मोठं कारण तिचा स्वस्तपणा आणि कमी लागणारी जागा. वरचा आर्म काढून टाकून त्याचं काम शॉकअपच्याच दांड्याकडे दिलं. म्हणजे तुमच्या अल्टोचा किंवा स्विफ्टचा पुढचा शॉकअप झटके मारतो आणि शिवाय चाकाचा वरचा आधारही तोच असतो. तो वाकला की चाकाचा कोन बदलतो. ओम्नीच्या मागच्या शॉकअपचं तसं नाही, तो फक्त शॉकअप आहे. म्हणून मागच्या शॉकअपवर चाललेली युक्ती पुढे तशीच वापरायला जाऊ नका.

जिथे घरची डागडुजी चालते, तिथून सुरुवात करतो. स्टॅबिलायझर बारला चेसीशी धरणारे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे रबर झिजले की बार सैल होऊन वाजतो. बारभोवती सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळून वर तोच रबर बसवला की आवाज काही आठवडे थांबतो. लिंक रॉड तुटली तर ती काढून ठेवून सावकाश गाडी चालवत घरी येता येतं. लोंबकळत ठेवू नका, ती ब्रेकच्या नळीला घासते. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरायचा असेल तर तो बेत पुढे ढकला. मागच्या बाजूला स्प्रिंगखालचा रबर, बंप स्टॉप, शॉकअपवरचं धूळ अडवणारं रबरी आवरण, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांमधल्या चकत्या, या गोष्टी घरी बदलता येतात. पुढच्या स्ट्रटमध्ये त्यासाठी स्प्रिंग सोडावी लागते, तिथे नाही. सायलेन्सरचा रबर तुटला तर जुन्या टायरच्या बाजूची पट्टी छान काम देते.

मात्र काही जुन्या छोट्या गाड्यांत, मारुती 800च्या घराण्यातल्या गाड्यांत तर नक्कीच, स्टॅबिलायझर बार दुसरंही एक काम करतो. त्याची टोकं थेट लोअर आर्ममधून जातात आणि आर्मला पुढेमागे हलू न देण्याचं काम तोच बार करतो. तिथले बुश गेले तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. अशा गाडीत त्या टोकाच्या बुशवर ट्यूबची पट्टी चालणार नाही. तुमच्या गाडीत बार आर्ममधून जातो की वेगळ्या लिंक रॉडने जोडलेला आहे, हे गाडीखाली वाकून एकदा पाहून घ्या.

बुशबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घरगुती युक्त्या सर्वात जास्त इथेच चालतात. लोअर आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये त्यांना चिकटवलेला रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि रबर पिळला जातो. काही फिरत नाही, काही घसरत नाही, फक्त रबर पिळवटतो आणि परत येतो. एवढं समजलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. बुशमध्ये ग्रीस भरणं निरुपयोगी आहे, तिथे घसरणारं काही नाहीच. उलट डिझेल, जळकं इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस रबर फुगवतं आणि मऊ करतं. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पत्रा गंजू नये हा हेतू चांगला, पण तो फवारा बुश, बॉल जॉइंटची टोपी आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांवरही बसतो. पोटाला संरक्षण हवं असेल तर त्यासाठी मिळणारा कोट लावा आणि रबर झाकून घ्या. बुश दाबून बसवायला बुळबुळीतपणा हवा असेल तर साबणाचं पाणी वापरा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट बहुतेक घरी सुटते, काही गॅरेजांतही सुटते. नवा बुश किंवा आर्म बसवताना गाडी जॅकवर असते, चाक लोंबत असतं. त्या अवस्थेत बोल्ट पक्का आवळला की रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट होतो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो, आणि वर्षानुवर्षं टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलका लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी दाबून हलवून तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्या आणि मग शेवटचा कस द्या. खाली हात पोहोचत नसेल तर आर्मखाली जॅक देऊन चाकावर जेवढा भार असतो तेवढा भार आणा आणि मग आवळा. यात एक रुपयाही लागत नाही.

लेथवर नायलॉनचा बुश करून घ्यायची युक्ती जुनी आहे. पाट्याच्या डोळ्यात, जिथे खरोखर पिनवर फिरायचं असतं आणि ग्रीस देता येतं, तिथे नायलॉन किंवा गनमेटल चालतं. ट्रकवाल्यांना हे ठाऊक आहे. लोअर आर्ममध्ये मात्र ते घालू नका. त्या आर्मला वरखाली होताना थोडं आडवं-तिडवंही झुकावं लागतं आणि रबर ते झुकणं सोसतो. कडक नायलॉन सोसत नाही, सगळा जोर आर्मच्या कानावर आणि चेसीच्या ब्रॅकेटवर जातो, आणि तिथे तडा गेला तर काम बुशच्या किमतीत आटपत नाही. फाटलेल्या बुशमध्ये काच चिकटवायचा गोंद किंवा सिलिकॉन भरायची कल्पनाही बरेच जण सुचवतात. लोअर आर्मच्या मागच्या बुशमधल्या पोकळ्या कारखान्याने मुद्दाम ठेवलेल्या असतात, चाकाला ठरावीक दिशेनेच हलता यावं म्हणून. त्या भरल्या की चाकाची चाल बदलते, आणि फाटलेला रबर गोंदाने जुळत नाही. जुन्या टायरचा तुकडा कापून बुश करू नका. टायरमध्ये दोऱ्यांचे थर असतात आणि पिळवटल्यावर ते सुटत जातात. बुश वेगळा मिळत असेल तर तो घ्या आणि प्रेस असलेल्या फिटरकडून दाबून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी तिरकी होते. वेगळा मिळत नसेल तर अख्खा आर्म घ्यावा लागेल. छोट्या गाड्यांचा आर्म इतका महाग नसतो की त्यासाठी चाक पणाला लावावं.

आता दुसऱ्या गटाकडे, आणि इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांच्यावर कसलीही घरगुती दुरुस्ती करू नका. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेली गोळी, आणि चाक खालून त्याच्या आधारावर वळतं. रबरी टोपी फाटली की चिखलपाणी आत जातं, गोळी झिजते, वाटी मोठी होते, आणि एका खड्ड्यात गोळी वाटीतून निघते. चाक गाडीखाली आडवं पडतं. हायवेवर हे झालं तर चालवणाऱ्याच्या हातात काहीही उरत नाही. खेळ आलेला बॉल जॉइंट कडेने ठोकून घट्ट करतात, वेल्डिंगचे ठिपके देऊन वाटी आवळतात, सिरिंजने ग्रीस भरून ‘आवाज गेला’ म्हणतात. आवाज जातो, पण झीज जिथल्या तिथे राहते. आपल्याला सावध करणारी खूण तेवढी आपण पुसलेली असते. वेल्डिंगने तर वाटीचं पोलाद ठिसूळ होतं आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं.

टोपी फाटलेली आहे पण खेळ अजून नाही, एवढ्याच टप्प्यावर घरी काही करता येतं. टोपी वेगळी मिळते. जुनं ग्रीस पुसून, नवं भरून टोपी बदला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खेळ तपासा. खेळ दिसला की भाग बदला. नवा बॉल जॉइंट मारुतीच्या छोट्या गाड्यांत चाकाच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) घुसवून आडव्या बोल्टने धरायचा असतो. त्याच्या दांड्यावर एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. दांडा पुरता वर गेलेला नसताना बोल्ट कसाबसा ठोकून बसवला, तर तो जॉइंट बसलेला दिसतो आणि धरलेला नसतो. हाताने बोल्ट सहज आरपार गेला तरच पुढे जा.

टाय रॉड एंड बदलताना जुना काढण्याआधी चेकनटची जागा रंगाने खूण करून ठेवा आणि किती आट्यांनी निघाला ते मोजा. नवा तेवढ्याच आट्यांनी बसवला की गाडी सरळ चालवत अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेता येते. अलाइनमेंट टाळू नका. तिथे वाचवलेले पैसे टायर पुढच्या काही महिन्यांत वसूल करतो.

दोन बारीक वस्तूंबद्दल, ज्या हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या जातात आणि जिथे अतिशय मोठी चूक होते. जॉइंटच्या नटमध्ये स्प्लिट पिन असते. ती तुटली की लोक खिळा वाकवून घालतात किंवा तार पिळतात. नवी पिन अगदी थोड्या पैशांत मिळते, दरवेळी नवीच घाला. दुसरी वस्तू बोल्ट. सस्पेन्शनच्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा शंभरने गुणला की त्या पोलादाची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, दुसरा सांगतो की त्या शक्तीच्या किती दशांशावर तो कायमचा लांबतो. दारं-खिडक्यांसाठी मिळणारा साधा बोल्ट बहुधा 4.6 असतो, म्हणजे 8.8च्या निम्म्या ताकदीचा. जाडी तीच, आटे तेच, पान्याला फरक कळत नाही, पण खड्ड्याला कळतो. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये घालू नका. आत नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये. त्याची पकड पहिल्या वेळेसाठीच बनवलेली असते.

स्प्रिंगबद्दल मला सर्वात जास्त भीती वाटते, कारण तिथे अपघात रस्त्यावर होण्याआधी अंगणात होतो. पुढचा स्ट्रट गाडीतून काढला तरी त्यावरची स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला दाबून धरतो तो वरचा मधला मोठा नट. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय तो नट सोडला तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडते आणि समोर जे असेल ते फोडते. तोंड बहुतेक वेळा समोरच असतं. दोरीने, साखळीने, सामान बांधायच्या पट्ट्याने स्प्रिंग दाबायचे प्रयोग लोक करतात. हात जोडून सांगतो, करू नका.

तरीही इथे मजुरी वाचवता येते. स्ट्रट अख्खाच्या अख्खा घरी काढा. बॉनेटखाली माउंटिंगच्या कडेचे दोन किंवा तीन लहान नट, खाली नकलला धरणारे दोन बोल्ट आणि ब्रेकच्या नळीची पट्टी, एवढंच सोडायचं. मधल्या मोठ्या नटला हातही लावू नका. नकल बाहेर झुकू देऊ नका, तारेने बांधून ठेवा, नाहीतर एक्सलचा आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. काढलेला स्ट्रट फिटरकडे न्या, तो त्याच्या कॉम्प्रेसरवर स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून देईल. घरी आणून परत बसवा. गाडी गॅरेजात दिवसभर अडकत नाही आणि धोक्याचं काम ज्याच्याकडे अवजार आहे त्याच्याच हातून होतं.

शॉकअपला भोक पाडून जाड तेल भरायचं आणि भोक टाका मारून बंद करायचं, असे ‘रिपेअर’ शॉकअप बाजारात काळा रंग मारून मिळतात. पहिले काही दिवस गाडी छान कडक वाटते. पण सील जुनंच असतं, दांड्यावरचा घासलेला चरा जुनाच असतो, आणि चुकीच्या जाडीचं तेल गरम झालं की फेसाळतं. मग खड्ड्यांच्या रस्त्यावर ब्रेक मारताना टायर जमिनीवरून उचलला जात राहतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. गॅस भरलेल्या शॉकअपला घरी भोक पाडणं किंवा वेल्डिंगची ज्योत दाखवणं हा जिवावरचा खेळ आहे, तो फुटतो. शॉकअपवर ओल दिसली तर पैसे जमेपर्यंत गाडी सावकाश चालवा आणि मग दोन्ही बाजूंचे नवे जोडीने बदला.

स्प्रिंग तुटली असेल तर टाका मारू नका, आणि गाडी खाली बसवण्यासाठी तापवू किंवा कापू नका. स्प्रिंगचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणून तिची लवचिकता घडवलेली असते. टाक्याच्या उष्णतेने ती घडण मोडते आणि टाक्याच्या शेजारीच ती काचेसारखी तुटते. दोन वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून गाडी उंच करण्याची सवय आपल्याकडे स्पीडब्रेकरमुळे फार पसरली आहे. बफरने दोन वेढे हलायचे थांबतात आणि त्यांचं काम उरलेल्या वेढ्यांवर पडतं. मालाच्या वजनामुळे गाडी मागून बसत असेल तर माल कमी करा किंवा योग्य स्प्रिंग घ्या. कोकणातल्या खाऱ्या हवेत स्प्रिंगचं सर्वात खालचं टोक, जिथे चिखल साठतो, तिथे गंजून तुटतं. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाइपने तो चिखल धुऊन काढला तर तेवढीच बचत.

ओम्नी आणि बोलेरोच्या मागे पाटे असतात. खालचा छोटा पाटा तुटला तर गाडी बसते पण चालते. डोळ्यांचा मुख्य पाटा तुटला की मागचा एक्सलच जागेवरून सरकू शकतो. रानातल्या रस्त्यावर लाकडाचा ठोकळा आणि साखळी बांधून पहिल्या गावापर्यंत रांगत आणणं समजू शकतो, माणसं न बसवता. पाटेवाल्याकडे नवा पाटा भरून घेतला की यू-बोल्ट नवे घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळा, कारण पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट सैल पडतात.

आणि हे सगळं करताना गाडी कशावर उभी आहे? गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक चाक बदलण्यासाठी आहे. फक्त त्याच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. वीट, जांभ्याचा चिरा, पोकळ सिमेंटचा ब्लॉक यांवर गाडी टेकवू नका. ते वजन पेलताना दिसतात आणि कसलीही सूचना न देता एका क्षणात फुटतात. जॅक स्टँडची जोडी घ्या, चार शेजाऱ्यांत मिळून घ्या. जागा सिमेंटची किंवा फरशीची असावी. मातीवर काम करावंच लागलं तर जॅक आणि स्टँडखाली जाड फळी द्या. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच असतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं लागल्यावर गाडीला धक्का देऊन पाहा. ती पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. एकट्याने काम करू नका आणि मुलांना दूर ठेवा.

पैसे खरोखर कुठे वाचतात, तेही सांगतो. भाग बनवणाऱ्या कंपन्या गाडीच्या कंपनीलाही माल देतात आणि आपल्या नावाने दुकानातही विकतात. गॅब्रिएलसारख्या नावाचा शॉकअप सर्व्हिस सेंटरच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त पडू शकतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी अशी दुकानांची एखादी गल्ली असते. जुना भाग हातात घेऊन जा, गाडीचं वर्ष आणि पेट्रोल की डिझेल ते सांगा. डिझेल इंजिन जड असल्याने एकाच मॉडेलच्या स्प्रिंगा बहुधा वेगळ्या असतात. पक्कं बिल मागा. फार स्वस्त देणारा बिल द्यायला नकार देत असेल तर पुढच्या दुकानात चला. भंगारातून दरवाजा, सीट, दिवा घ्या. भंगारातला आर्म, बॉल जॉइंट, शॉकअप घेऊ नका. अपघातात किंचित वाकलेला आर्म डोळ्याला सरळच दिसतो.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 190 सदोष गाडी रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. त्यात गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला माहीत असलेला दोष धरला जातो आणि नेहमीची काळजी घेतली असती तर कळला असता असा दोषही धरला जातो. तशा गाडीने अपघात होऊन कुणाला इजा झाली तर शिक्षा वाढते, कैदही होऊ शकते. खेळ आलेला बॉल जॉइंट ठोकून घट्ट करणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येणार नाही.

तुम्ही केलेली तात्पुरती डागडुजी तुम्हालाच माहीत असते, पण गाडी घरातलं दुसरं माणूसही घेऊन जातं. मुलगा रात्री मित्राच्या लग्नाला ताम्हिणीतून जातो, भाऊ चार माणसं बसवून पंढरपूरला निघतो. म्हणून कुठला भाग तात्पुरता जोडला आहे, कुठल्या तारखेला जोडला आणि तोवर किती वेगाच्या वर जायचं नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी स्टेअरिंगसमोर चिकटवा. गाडी विकायला काढलीत तर घेणाऱ्याला ती चिठ्ठी वाचायला द्या, आणि त्या भागाचे पैसे किमतीतून कमी करा.